दुसऱ्या बाईचा आवाज

पियाला काठोकाठ भरलेला होता. काठाखालच्या निळ्या रेघेच्याही वर चहा आला होता, जरा धक्का लागला असता तर सांडला असता — आणि हातातली कांद्याची पिशवी खाली ठेवायच्या आधी ओमुरकुलने तेच पाहिलं. पियाला अर्धा भरायचा असतो, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून, समोरचा माणूस बसून राहावा म्हणून. काठोकाठ भरून पुढे केला की त्याचा अर्थ एवढाच, की आता निघा. शेजारच्या काल्बुबुने उभा जन्म चहा ओतला होता, तिचा हात असा कधी चुकला नव्हता. ती पियाल्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही बघत नव्हती. त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच टेबलाशी तीन म्हातारे डोक्यावरच्या नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, पांढऱ्या टोप्या न काढता बसले होते आणि यंदा गवत बरं झालंय असं एकमेकांना सांगत होते. त्यांतला एक त्याच्या बायकोच्या, नुरिपाच्या, माहेरचा. डोंगरापलीकडच्या त्या गावाहून सकाळी बिश्केकला पोचायचं तर अंधारातच निघावं लागतं… आणि नुरिपा तर तिथेच गेलेली, भाच्याच्या लग्नाला. आदल्या संध्याकाळी फोनवर म्हणाली होती, इथे गारठा आहे, लोकरीचे मोजे घरीच राहिले, मटण कच्चं होतं पण सगळ्यांनी वाहवा केली. गवताचं झालं, मेंढ्यांचं झालं. मग सगळ्यांत म्हातारा म्हणाला, "ओमुरकुल, घट्ट राहा." त्यानंतर तो जे बोलला — झोपेतच गेली, तिला काही त्रास झाला नाही — ते ऐकायची गरज उरली नव्हती. ओमुरकुलने पियाला उचलला आणि चटके बसत असताना एका दमात सगळा चहा पिऊन टाकला. सांडू नये म्हणून. दुसरं काही करण्यासारखं त्या वेळी सुचलं नाही.

हे तो मुद्दाम आठवत नाही. पण सकाळी किटलीखाली गॅस लावला की ते तिघे पुन्हा येऊन बसतात, आणि किटली शिट्टी मारेपर्यंत उठत नाहीत.

आज बुरुल आक्का आली म्हणून ते तिघे लवकर उठले. बुरुल आक्का ही त्याची थोरली बहीण, तिला जिना चढताना धाप लागते आणि धाप लागलेली असतानाही ती बोलायचं थांबत नाही. येत्या रविवारी नुरिपाच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण. कोणती मेंढी, किती पीठ, कोणाकडून मोठी कढई आणायची, सगळं तिने ठरवून टाकलं होतं. शेवटी ती खरं जे सांगायला आली होती त्याच्यापाशी पोचली.

"चिनाराला फोन केलास का?"

"करतो."

"करतो काय करतो? तुझ्या सासरचे दोन गाड्या भरून येतायत. तुझ्या पोरीला सांग, या वेळी एकटीने ये म्हणावं."

ओमुरकुल पाव कापत होता. तो कापतच राहिला. "दामिराने काय केलं?"

"काय केलं! काही नाही केलं. मयताच्या दिवशी माझ्या सुनांपेक्षा चांगली भांडी घासली तिने. तेच तर! इतकी राबते म्हटल्यावर बायका विचारणारच, ही कोण? मी सांगितलं, दूरची बहीण लागते चिनाराची. एकदा सांगितलं, खपलं. आता दुसऱ्यांदा आली तर विचारतील, कोणाकडून दूरची? कोणत्या आजोबांची? अरे, सात पिढ्या तोंडपाठ असतात त्या लोकांना, तुझ्या आणि माझ्याही. मी कोणता आजोबा आणू तिच्यासाठी?"

"कशाला सांगितलंस मग बहीण?"

"मग काय सांगू?" बुरुल आक्का त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हे त्याला जास्त जड गेलं. "तू सांग, ओमुर. तू शिकलेला, आवाजाचा माणूस. काय सांगू मी? मी आंधळी नाही. पण जरा डोळे मिटले की सगळ्यांचं निभतं, तर तुम्ही लोक मिटूही देत नाही."

ती गेल्यावर त्याने पाहिलं, पाव त्याने सगळाच कापून ठेवला होता. एकट्याला आठवडाभर पुरेल एवढा.

आवाजाचा माणूस… मयताच्या दिवशी अंगणात, दोन इमारतींच्या मध्ये, मुलांच्या झोपाळ्यापाशी नमद्याचा तंबू उभा राहिला होता, आत बायका, बाहेर पुरुष. कमरेला पट्टा बांधून, हातात काठी घेऊन तोही मेव्हण्यांच्या रांगेत उभा होता. येणारा प्रत्येक पुरुष फाटकापासूनच मोठ्याने हंबरडा फोडत येत होता, आणि रांगेतल्यांनी तसाच जोराने प्रतिसाद द्यायचा असतो. सगळ्यांनी दिला. ओमुरकुलने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. ज्याचा आवाज या शहरात कॅसेटच्या काळापासून घराघरांत गेलेला, ज्याने परदेशी सिनेमांतले दरोडेखोर, फौजदार, पाद्री, म्हातारे राजे, एकदा तर बोलणारा कुत्राही आपल्या भाषेत बोलून दाखवला, ज्याला बाजारात बटाटे मागताना लोक ओळखतात — त्याला स्वतःच्या बायकोसाठी ओरडता आलं नाही. आतून मात्र चिनाराचा आवाज येत होता. तिला शोकगीत येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तिकडे अल्माटीत औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी, जीन्स घालणारी, कधी शिकली? तिच्या आजीचेच शब्द होते, तीच चाल, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तिचा श्वास संपायचा तेव्हा बाजूने कोणीतरी तिला उचलून धरल्यासारखं वाटायचं. तंबूचा पडदा कोणीतरी सारला तेव्हा त्याला दिसलं. सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, काळी पाठ शेजारी काळी पाठ, आणि चिनाराच्या पाठीवर दामिराचा हात. फक्त तळवा. हलत नव्हता.

थोड्या वेळाने बुरुल आक्का कोणाला तरी सांगताना ऐकू आली, दूरची बहीण. आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "हो ना रे?" आणि तो काहीच बोलला नाही, कारण तोंड उघडलं की हवा येत होती — की ते निमित्त बरं मिळालं? तेव्हापासून दामिरा तंबूत परत गेली नाही. ती मागच्या बाजूला, चहाचं पाणी उकळणाऱ्या सामोवारपाशी बसून पियाले विसळत राहिली, आणि जाताना त्याला म्हणाली, "बाबा, लोकरीचे मोजे घाला, फरशी गार आहे." बाबा म्हणाली. कोणी सांगितलं होतं तिला तसं म्हणायला?

दुपारी ताल्याचा फोन आला. ताल्या, म्हणजे ताल्याय, सिनेमे आणतो, आवाज देऊन घेतो आणि एका छोट्या चॅनेलला विकतो. ओमुरकुल आणि नुरिपा त्याच्यासाठी घरीच काम करायचे. आतल्या लहान खोलीच्या चारही भिंतींना नुरिपाच्या आईने केलेले नमद्याचे गालिचे ठोकले होते, त्यांनी बाहेरचा आवाज अडायचा. ट्रॉलीबस गेली की मात्र थांबावं लागायचं.

"दादा, कसे आहात?"

"आहे."

"जेवता ना? बायकोने सूप पाठवलंय, संध्याकाळी आणतो. दादा… विषय काढू नये, पण चॅनेलवाले माझ्या डोक्यावर बसलेत. तो गाडीवाला सिनेमा. वहिनींचं काम पूर्ण झालेलं आहे. फक्त तुमचा भाग. मी तुमची वाक्यं बदलून पाठवली होती, बघितली का?"

"बघितली."

"मग? बरी आहेत ना? दोघींना बहिणी करून टाकलं. लहानपणी ताटातूट, म्हातारपणी भेट. लोक रडतीलसुद्धा."

"हसायचा सिनेमा आहे ना तो?"

"हसतील आणि रडतील. दादा, मूळचं तसंच दाखवलं तर लोक दगड मारतील, मला माझ्या खिडक्या शाबूत हव्यात हो."

"आणि नुरिपाची वाक्यं? ती तर बदललेली नाहीत."

 ताल्या हळू आवाजात म्हणाला, "वहिनींच्या आवाजाला मी हात लावणार नाही. फक्त ते एक-दोन ठिकाणी… वर जरा संगीत चढवीन."

हा सिनेमा ताल्याने न बघताच घेतला होता. दहा सिनेमांच्या गठ्ठ्यात आला, पोस्टरवर एक ठेचकाळलेली गाडी होती, ताल्याला वाटलं मारामारीचा असेल. नुरिपाने पहिल्यांदा बघितला आणि पोट धरून हसत बाहेर आली. "अहो, तुमच्या ताल्याने काय आणलंय बघा तरी!" समुद्रकाठचं कुठलंतरी थंड गाव. ईडा नावाची केस कापणारी बाई, नवरा सोडून गेलेला, पन्नाशीत गाडी शिकायला निघते. रूट नावाची बाई तिला शिकवते — तुटक बोलणारी, खिशात सतत पेपरमिंट. ईडा एकाच फळवाल्याच्या गाड्याला दोनदा धडकते. तिसऱ्यांदा फळवाला तिला येताना बघूनच संत्री उचलून घरात पळतो. आणि मग कधीतरी, त्या दोघींना स्वतःलाही न कळता… आधी रूटला कळतं की ईडाला? यावर नुरिपा आणि त्याची दोन दिवस चर्चा चालली होती. रविवारच्या शेवया लाटता लाटता नुरिपा म्हणाली होती, "रूटला. जी बोलत नाही तिला आधी कळतं."

ताल्या तेव्हाच घरी आला होता, बहिणींची कल्पना घेऊन. नुरिपाने त्याला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "ताल्या, ताटातूट झालेल्या बहिणी एकमेकींच्या मानेकडे अशा बघतात का रे? तू बघतोस तुझ्या बहिणीच्या मानेकडे?" ताल्याच्या घशात घास अडकला. "खा, खा," ती म्हणाली. "आणि तो फळवाला कोण मग, मामा?"

तो गेल्यावर ती ओमुरकुलला म्हणाली, "रूट तुम्ही घ्या."

"मी? बाई?"

"पूर्वी सगळ्या बायका तुम्हीच बोलायचात की."

खरं होतं ते. कॅसेटच्या काळात सिनेमाला एकच आवाज असायचा, त्याचा. नायक तोच, नायिकाही तोच, रडणारं मूलही तोच. बाईचं बोलताना आवाज बारीक करायचा नाही, एवढा एकच नियम त्याच्या गुरूने सांगितला होता. तू फक्त साधं बोल. बाकीचं पडद्यावरची बाई करते. लग्नानंतर नुरिपा त्या खोलीत येऊन बसायला लागली आणि बायका तिने घेतल्या. या सिनेमात मात्र सगळं बोलणं दोन बायकांचंच. "दोन्ही मीच बोलले तर वेडी स्वतःशी बडबडतेय असं वाटेल लोकांना," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? तुम्ही बोललेलं ऐकायचंय मला."

काय ऐकायचं होतं तिला?

त्या वेळी त्याने विचारलं नाही. चेष्टाच केली, "इतक्या वर्षांनी प्रेमाचं बोलायला लावतेस, तेही बाई करून!" ती हसली नाही. कणीक मळलेले हात धुवायला गेली. मग तिने आपला भाग आधी एकटीने उरकला, माहेरी जायचं होतं म्हणून. जाताना बॅगेत मोजे भरायला विसरली…

आता तो त्या खोलीत बसला आहे. बाहेर अजून ऊन आहे. समोर दोन कागद. एक नुरिपाने लिहिलेला, एक ताल्याने पाठवलेला. कानावर यंत्र चढवलं की खोली नाहीशी होते आणि नुरिपा येते. तिचा श्वास येतो आधी — ती वाक्याच्या अगोदर छोटा श्वास घ्यायची, ताल्या तो कापून टाकायचा. इथे अजून कापलेला नाही. ईडा बोलते, गाडी बंद पडते, ईडा शिव्या देते. नुरिपाने शिव्या अशा चवीने दिल्या आहेत की ओमुरकुलला हसू आलं. आणि हसताना पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की रूटच्या जागी तिने मोकळ्या जागा सोडल्या आहेत, त्या रूटच्या मापाच्या नाहीत. पडद्यावरची रूट पटकन बोलते. या जागा जास्त लांब आहेत. त्याला वाक्याआधी जरा थांबायची सवय आहे — तेवढ्या लांब.

ती कशी थांबली असेल इथे एकटी? मला धरून. मनातल्या मनात माझं वाक्य म्हणून, मग आपलं पुढचं.

त्याने ताल्याचा कागद घेऊन एक फेरी करून बघितली. ईडा परीक्षेत नापास होऊन आली आहे, पाचव्यांदा, आणि रूट चिडली आहे. "मला गाडी येते," नुरिपा म्हणते. "केव्हाची येते. मी मुद्दाम नापास होते. शिकवणी संपायला नको म्हणून." आणि मग ती मोकळी जागा. ताल्याच्या कागदावर तिथे लिहिलं आहे — आईने मरताना मला सांगितलं होतं, की तू माझी बहीण आहेस. ओमुरकुलने ते मोठ्याने वाचलं. साध्या आवाजात, नियमाप्रमाणे. वाक्य खोलीत पडलं आणि पडूनच राहिलं. पडद्यावरची रूट पेपरमिंट काढून ईडाला देत होती आणि तिचे ओठ थरथरत होते. बहिणीला पेपरमिंट देताना कोणाचे ओठ थरथरतात? एखाद्या गावातली म्हातारीसुद्धा ओळखेल. आणि ती विचारील, कोणत्या आईची? कोणत्या आजोबांची? सात पिढ्या येतात आम्हाला…

त्याने कागद उलटा ठेवला.

नुरिपाच्या कागदावर त्या जागी तीनच शब्द होते. मला माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात तो एकटाच अल्माटीला गेला होता, दात दाखवायला. चिनाराकडे राहिला. स्वयंपाकघरात तापलेल्या नळीवर चार मोजे वाळत होते, दोन चिनाराचे, दोन दामिराचे, पण एक इकडचा एक तिकडचा अशा जोड्या लावलेल्या, कोणाचं लक्ष नसल्यासारख्या. चहा करताना दामिराने न विचारता त्याच्या चहात मीठ घातलं, त्याला लागतं तेवढंच. त्या दोघी एकमेकींना नावाने हाकही मारत नव्हत्या. खोलीत आलं की दुसरीने फक्त मान वळवायची. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेल्या माणसांचं होतं तसं. त्याला ते बघून बरं वाटलं होतं, आधी बरं वाटलं होतं, आणि मग बसमध्ये बसल्यावर, सीमा ओलांडून शहराचे दिवे दिसायला लागल्यावर, त्याने ते सगळं घडी घालून ठेवून दिलं. घरी आल्यावर नुरिपाने विचारलं, "पोरगी कशी आहे?" तो म्हणाला, "बरी आहे." तिने आणखी थोडा वेळ वाट बघितली. तो दाताबद्दल बोलला.

म्हणजे तिला माहीत होतं. तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि एकाच घरात, एकाच खोलीत, एकमेकांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर दोन मायक्रोफोन ठेवून बसणारी ती दोन माणसं जगातल्या सगळ्यांची वाक्यं बोलत राहिली. मी तिला वाचवत होतो असं मला वाटत होतं. ती मला वाचवत होती असं तिला वाटत असेल. कोणापासून?

मग हा सिनेमा आला, आणि ती पोट धरून हसत बाहेर आली…

बाहेरून ट्रॉलीबस गेली. तो थांबला. भिंतीवरच्या गालिच्याच्या नक्षीतली लाल-काळी शिंगं नेहमीसारखी एकमेकांत अडकलेली होती. त्याने दृश्य मागे नेलं आणि ध्वनिमुद्रणाचं बटण दाबलं.

श्वास. "मला गाडी येते," नुरिपा म्हणाली. "केव्हाची येते. मी मुद्दाम नापास होते. शिकवणी संपायला नको म्हणून."

"मला माहीत होतं," ओमुरकुल म्हणाला.

आवाज आला. हवा नव्हती, आवाज होता — जाड, जरा फाटलेला, रूटला न शोभणारा. पण रूट पडद्यावर बोलत होतीच, तिचं ती बघून घेत होती. त्या लांब जागेत ते वाक्य नेमकं मावलं. त्यानंतर नुरिपा म्हणाली, "मग बोलला का नाहीत?"

बोललीस का नाही, असं हवं होतं तिथे. रूट बाई आहे. कागदावरही बोललीस असंच लिहिलेलं आहे. मुद्रणात नुरिपाची जीभ घसरली होती, आणि इतकी वर्षं एक अक्षर चुकलं तरी वाक्य पुन्हा घेणाऱ्या नुरिपाने हे पुन्हा घेतलं नव्हतं.

त्याने मुद्रण बंद केलं. कानावरचं काढलं नाही. आत नुसती शांतता होती, पण ती रिकामी नव्हती, कोणीतरी वाट बघत असलं की असते तशी होती. गेले कित्येक दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठलं नाही, पण त्या ओझ्याने कूस बदलली. रविवारी अंगणात पुन्हा तंबू असणार. दोन गाड्या भरून माणसं येणार. बुरुल आक्का त्याच्याकडे वळून विचारील, आणि या वेळी हवा आली म्हणून चालणार नाही. काय म्हणायचं? मुलीची बहीण नाही, मैत्रीण एवढंही नाही. माझ्या घरचं माणूस आहे, म्हणता येईल. त्यावर लोक पुढचं विचारतील. विचारू देत… असं त्याला वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली, दोन्ही एकदम, आणि भीती वाटली म्हणून पहिलं नाहीसं झालं नाही, याचं त्याला नवल वाटलं.

ताल्या सूप घेऊन येईल. त्याला सांगावं लागेल, दुसरा माणूस शोध नाहीतर हेच घे. तो खिडक्यांबद्दल बोलेल. त्याचंही खरंच आहे, खिडक्या फुटतात.

रूटचं उत्तर अजून द्यायचं आहे, ते नुरिपाच्या कागदावर खाली, पुसट पेन्सिलीत आहे. आणि चिनाराला फोन करायचा आहे. दोघी या, आणि दामिराला तंबूत तुझ्याशेजारी बसव, एवढंच सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.